दवाखाना कोपीवर येत नाही
(तृतीय वर्ष, कला)

आमच्या तालुक्याला मोठे इस्पितळ हवे, ही मागणी मी कळायला लागल्यापासून ऐकत आले आहे. निवडणूक आली की ती फलकावर चढते आणि निवडणूक संपली की फलकाबरोबरच उतरते. गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत 'सुसज्ज रुग्णालय हीच ग्रामीण भागाची पहिली गरज' असा विषय होता. मी अनुकूल बाजूने बोलले. शंभर खाटा, सोनोग्राफी, अतिदक्षता विभाग, चोवीस तास रुग्णवाहिका असे सारे बोटांवर मोजून दाखविले, टाळ्या घेतल्या आणि दुसरा क्रमांकही मिळविला. घरी गेल्यावर आईला ते भाषण म्हणून दाखविले. तिने भाकरी थापता थापता सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "समदं खरं, पर तुजा दवाखाना कोपीवर येतो का गं?"

स्पर्धेत प्रतिपक्षाने हा प्रश्न विचारला असता तर माझा दुसरा क्रमांक गेलाच असता. तेव्हा मला उत्तर देता आले नाही. पुढे वर्षभर जे वाचले, ज्यांना भेटले, त्यातून जे सुचले ते येथे मांडते आहे.

आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ मुलामुलींना कोपी म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही, कारण त्यांचे बालपण तिच्यातच गेले आहे. शहरातून आलेल्या प्राध्यापकांसाठी सांगते. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत फड तोडायचा. कारखान्याच्या आसपास मोकळ्या रानात पाचट, बांबू आणि ताडपत्री यांची जी खोपटी उभी राहतात, त्या कोप्या. वाकून आत जायचे, वाकूनच बाहेर यायचे. पाणी कुठून तरी, बहुधा कॅनॉलचे. पहाटे तीन-चारला उठून फडात जायचे आणि तान्हे मूल उसाच्या सावलीला झोळीत टाकायचे. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात.

माझा थोरला भाऊ २००१ च्या हंगामात अशाच एका कोपीत गेला. मी त्याला पाहिलेले नाही. माझा जन्म त्यानंतरचा. तो नऊ महिन्यांचा होता. त्याला हगवण लागली. आमच्याकडे समज अशी की पोटात पाणी गेले की हगवण वाढते. म्हणून टोळीतल्या वडीलधाऱ्या बायांनी सांगितले, दूध तोडा, पाणी तोडा, पोट कोरडे पडू द्या. आईचे वय तेव्हा अठरा. तिने सांगितले तसे केले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोराची टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांतून पाणी येईना. तेव्हा कुणाच्या तरी मोटारसायकलवरून त्याला गावातल्या दवाखान्यात नेले. येथे मला वाचकांनी थोडे थांबायला हवे आहे. त्या दवाखान्यात डॉक्टर होते. खाट होती, सलाईनची बाटलीही होती. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण वाळलेल्या त्या हाताला शीर सापडली नाही. रात्री अकराच्या सुमारास तो गेला. तिसऱ्या दिवशी आईवडील फडात होते.

म्हणजे वादविवाद स्पर्धेत मी जे मागत होते, ते सगळे नसले तरी त्यातले पुष्कळसे तेथे होतेच. दवाखान्यात जाण्याआधीचे दीड दिवस मात्र मोकळे गेले होते, आणि त्या दीड दिवसात कामाला येईल असे ज्ञान त्या कोप्यांपैकी एकाही कोपीत नव्हते.

उन्हाळ्यात आई माझ्या मावशीकडे गेली. मावशी जामखेड तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. आमच्या बाजूने जामखेड म्हणजे जिल्ह्याची हद्द ओलांडली की आलेच. बहिणीच्या गळ्यात पडून आई रडत असताना शेजारची एक बाई आली. लुगडे नेसलेली, चार बुके न शिकलेली. गावात तिला डॉक्टरीणबाई म्हणत. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पोरी, साखर-मिठाचं पाणी न्हाई का गं पाजलंस?" आई सांगते की या एका वाक्याने ती पोराच्या मरणापेक्षाही जास्त मोडली. कोपीत साखर होती. मीठ होते. पाणीही होते.

ही बाई कोण होती, तिला हे कुणी शिकविले, याचा शोध घेता घेता मी जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पापर्यंत पोहोचले. आपल्या हाकेच्या अंतरावर एवढे मोठे काम झाले आणि आपल्या ग्रंथालयात त्यावर एकही पुस्तक नाही, हे जाता जाता ग्रंथपालांच्या कानावर घालते.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात एकत्र शिकलेले. शिक्षण संपल्यावर त्यांनी काही वर्षे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काम केले. तेथे त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. रोगी बरा होऊन घरी जातो आणि काही महिन्यांनी तोच रोग घेऊन परत येतो, कारण त्याचे पाणी तेच, घर तेच, उपास तेच. इस्पितळ भरलेले होते, पण गाव सुधारत नव्हते. पुढे ते अमेरिकेला गेले, शल्यचिकित्सेसारख्या विषयांबरोबर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले, आणि १९७० साली परत येऊन जामखेडला काम सुरू केले. मुंबई-पुण्यात बंगला बांधता येईल अशी पदवी हाती असताना त्यांनी दुष्काळी मुलूख निवडला, याचे कौतुक सर्वांनीच केले आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांनी नंतर घेतलेली माघार.

होय, माघारच. आधी त्यांनी इतरांसारखेच केले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात पाठवायचे ठरविले. ते जमले नाही. शहरात शिकलेली तरुण मुलगी परक्या खेड्यात एकटी राहणार कशी, आणि राहिली तरी गावच्या बायका तिच्याजवळ मन मोकळे करणार कशा? तेव्हा त्यांनी गावालाच सांगितले की तुमच्यातली एक बाई निवडून द्या. निवडून आलेल्यांत पुष्कळ निरक्षर होत्या, पुष्कळ दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. या बायका आठवड्यातून एकदा जामखेडला येत, मुक्काम करीत, शिकत, एकमेकींना आपापल्या गावच्या अडचणी सांगत आणि परत जात. बाळंतपण स्वच्छ कसे करायचे, नाळ कशाने कापायची, गरोदर बाईच्या पायावरची सूज काय सांगते, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा, हगवणीच्या पोराला काय पाजायचे. वेल्लोर आणि अमेरिकेत मिळविलेली विद्या दोन डॉक्टरांनी अक्षरशत्रू बायांच्या ओटीत टाकली. आपल्या समाजात ज्ञान वाटण्याची फारशी रीत नाही. ते राखून ठेवण्याचीच रीत मोठी. म्हणून मी या गोष्टीला माघार म्हणते, आणि तिची किंमत मला कोणत्याही शस्त्रक्रियेपेक्षा अधिक वाटते.

परिणाम काय झाला? १९७१ च्या सुमारास त्या गावांत जन्मणाऱ्या हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाची होण्याआधी दगावत. पाच-सहा वर्षांत हा आकडा पन्नाशीच्या आसपास आला आणि नव्वदच्या दशकात विशी-पंचविशीच्या घरात. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातील निवडक लोकाभिमुख आरोग्य प्रयोगांवर ग्रंथ काढला, त्यात जामखेडवर प्रकरण आहे. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. आज त्यांची पुढची पिढी ते काम पाहते. असो. पुरस्कारांची यादी आपल्या स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत सापडेल.

मला विहिरींची गोष्ट सांगायची आहे. सत्तरच्या दशकारंभी दुष्काळ पडला तेव्हा प्रकल्पाने गावोगाव कूपनलिका खणायला मदत केली. डॉक्टरांनी आग्रह असा धरला की नलिका शक्यतो दलित वस्तीत पडावी. म्हणजे पाणी हवे तर साऱ्या गावाला त्या वस्तीत यावे लागेल. भाषण नाही, मोर्चा नाही. तहान लागली की माणूस आपोआप वाट चालू लागतो. आता कुणी म्हणेल, डॉक्टरचा आणि विहिरीचा काय संबंध? वडाळ्याला परत परत येणारे ते रोगी आठवा. गावचे निम्मे पोटाचे आजार पाण्यातून येतात, आणि गावात अस्पृश्य ठरविलेल्या बाईच्या हातून गरोदर बाई औषध घेणार नसेल तर ते औषध फुकट. जातीला हात घातल्याशिवाय हगवणीला हात घालता येत नाही, हे त्या दोघांना कळले होते. समाजशास्त्राच्या तासाला आपण जे वहीत उतरवून घेतो ते हेच ना?

येथे एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. वसतिगृहातल्या माझ्या मैत्रिणीने तो घेतला. ती म्हणाली, "मूल आडवे आले तर तुझी डॉक्टरीणबाई काय करणार? साखर-मिठाचे पाणी पाजणार?" तिच्या मोठ्या बहिणीला बाळंतपणात तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून आणखी पुढे पाठविले होते, तिच्या बोलण्याला धार होती. मी इस्पितळ नको असे मुळीच म्हणत नाही. जामखेडलाही इस्पितळ होतेच, तेथे शस्त्रक्रिया होत, अडलेल्या बाया सुटत. पण त्या इस्पितळाचे नाते गावातल्या बाईशी होते. तिने ओळखायचे, तिने वेळेवर पाठवायचे, आणि तिने पाठविलेल्या रोग्याला तेथे दारात ताटकळावे लागायचे नाही. तिच्या शब्दाला इस्पितळात किंमत होती म्हणून गावातही किंमत आली. मावशीच्या गावची ती बाई आता थकली आहे. मी दिवाळीच्या सुटीत तिला भेटले तेव्हा तिने कधी किती पोरे वाचविली हे सांगितलेच नाही. तिने सांगितले ते असे की ती पहिल्यांदा अडलेली बाई घेऊन बैलगाडीतून जामखेडला गेली, तेव्हा डॉक्टरांनी आधी तिला विचारले, बाई, तुला काय वाटते? "मला इचारलं," ती म्हणाली, आणि हे सांगताना पन्नास वर्षांनीही तिचा चेहरा उजळला.

याच्या उलट चित्रही आमच्याच भागात आहे. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी करविली. त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली निघाली. पुष्कळींचे वय चाळिशीच्या आतले. अंगावरून जाते, पोट दुखते म्हणून बाई दवाखान्यात गेली, आणि पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल, असे तिला सांगण्यात आले. तीही मनात म्हणाली की पाळीचे खाडे वाचतील. येथे इस्पितळे होती, भूलतज्ज्ञ होते, सोनोग्राफीची यंत्रे होती. माझ्या भाषणातली सगळी यादी होती! अंगावरून जाणे म्हणजे बहुधा साधा जंतुसंसर्ग, त्यावर गोळ्या असतात, एवढे सांगणारी एक शहाणी बाई कोपीच्या शेजारी नव्हती. इस्पितळ समाजाला देते की समाजाकडून घेते, हे खाटांच्या संख्येवरून कळत नाही. तेथून घरी परतणारी बाई आपल्या शरीराविषयी अधिक जाणती होऊन येते की अधिक भ्यालेली, यावरून ते मी ठरवीन.

साखर-मिठाच्या पाण्याचा इतिहासही याच अंगाने जातो. आतड्याला नुसते पाणी नीट शोषता येत नाही अशा वेळी साखर आणि मीठ जोडीने गेले की ते पाण्यालाही बरोबर ओढून घेतात, असे शास्त्र सांगते. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ. आणि आईचे दूध चालूच ठेवायचे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे मरत होती. सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी हे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांना सांगितले, तुम्हीच पाजा. शंभरी तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारच्या खाली आले. ज्यांना काही येत नाही असे आपण समजतो, त्या आया-बहिणींच्या हाती उपचार दिला तेव्हा हे घडले. आमच्या कोपीत हे ज्ञान पोहोचायला ३० वर्षे कमी पडली.

आता माझ्याच म्हणण्यातली एक खोट सांगते, कारण ती लपविणे बरे नाही. जामखेडच्या या बायांना नोकरदारासारखा पगार नव्हता. त्यांना मान मिळाला, छोट्या धंद्यांसाठी मदत मिळाली, त्या सरपंचही झाल्या. पण सेवा बहुतांशी सेवाच राहिली. पुढे २००५ नंतर सरकारने 'आशा' नेमल्या. खेड्यातली बाई, खेड्याचे आरोग्य, ही कल्पना तीच. पण सरकारने जामखेडकडून बाई उचलली आणि तिचा मान तेथेच ठेवला, असे माझे मत आहे. २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशाताई मोबदल्यासाठी संपावर गेल्या, तेव्हा आपल्यातलेच काहीजण म्हणत होते की सेवेचे कसले पैसे मागता. डॉक्टरला फी देताना हा प्रश्न आपल्याला पडत नाही. माझी मावशीच्या गावची बाई फुकट राबली ते तिच्या मनाचे मोठेपण. त्याचा आधार घेऊन दुसऱ्या बाईला फुकट राबविणे हा आपला कोतेपणा. शिवाय आशाताई गावात, आणि गाव सहा महिने कोपीवर. तिच्या वहीत ज्यांची नावे, ती पोरे दुसऱ्याच जिल्ह्यात.

म्हणूनच मला वाटते की आमच्या भागाला पुरे पडेल ते ज्ञान टोळीबरोबर चालणारे हवे. दर टोळीत एक बाई शिकलेली असावी, तिच्याजवळ औषधाची पेटी असावी, कारखान्याच्या गावच्या दवाखान्यात तिचा शब्द चालावा आणि तिचे खाडे धरले जाऊ नयेत. ही मागणी फलकावर नीट दिसणार नाही, तिचे भूमिपूजन करता येणार नाही, म्हणून ती कुणी करीत नसावे.

आणि आपण कला शाखेचे विद्यार्थी? 'ते सायन्सवाल्यांचे काम' असे म्हणून आपण सुटतो. पण 'पाणी पाजल्याने हगवण वाढत नाही' हे आईला पटेल अशा बोलीत सांगणे हे काम औषधाचे नाही, ते भाषेचे आहे. जामखेडच्या बायांनी ते गाण्यांतून, ओव्यांतून, खेळांतून केले. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही गेल्या वर्षी एक रस्ता झाडला आणि त्याचा फोटो काढला. रस्ता आता पहिल्यासारखाच आहे. यंदाचे शिबिर दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघण्याच्या आत घ्यावे आणि त्यात आशाताईंनी आम्हांला शिकवावे, आम्ही टोळीतल्या बायांना, असा अर्ज मी कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही.

यंदा माझी चुलत वहिनी आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन फडावर गेली. ट्रक वेशीत उभा होता, मुकादम घाई करीत होता. आईने तिच्या बोचक्यात पीठ, तिखट, लेकराचे झबले असे सगळे बांधले. वर एका जुन्या रुमालात चमचा, मिठाची पुडी, साखरेची पुडी आणि आशाताईंकडून आणलेली चार पाकिटे गुंडाळून ठेवली. मग ट्रकच्या फाळक्याला धरून तिने वहिनीकडून ते माप तीनदा म्हणवून घेतले. तिसऱ्यांदा वहिनी चुकली. आईने चौथ्यांदा म्हणायला लावले, आणि तोवर ट्रक थांबवून धरला.